शेमा म्हणजे ‘ऐक’: ज्यूंच्या हिब्रू शब्दांच्या पोटात शिरताना

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकी सगळं समुद्राने घेतलं, त्यात पोथ्याही गेल्या. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत, पेणकर-रोहेकर-दिवेकर अशी आडनावं लावत इथलेच झाले आणि हिब्रू विसरले. फार पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू त्यांच्यात आला. त्याला दिसलं ते असं: मुलाची सुंता आठव्या दिवशी होते, शनिवारी घाणा बंद असतो, खवले आणि पर नसलेला मासा चुलीवर चढत नाही, आणि एक हिब्रू वाक्य अजून तोंडात आहे. ‘शेमा इस्राएल’.

ही कथा आहे, दस्तऐवज नाही. पण सगळी भाषा बुडाल्यावर तरंगत राहायला हे वाक्य निवडावं, यात कथा सांगणाऱ्यांची जाण दिसते.

‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. ज्यू माणूस हे सकाळ-संध्याकाळ म्हणतो, झोपण्याआधी म्हणतो, शक्य झालं तर शेवटचा श्वास घेतानाही म्हणतो. पहिली ओळ म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकून घेतो. ‘शेमा’चं भाषांतर ‘श्रवण कर’ असं केलं की ते थंड पडतं. साधं ‘ऐक’ मात्र चपखल बसतं. ‘पोरगं ऐकत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा तक्रार पोराच्या कानांबद्दल नसते. हिब्रूतही या क्रियापदात ऐकणं, उमजणं आणि मानणं एकत्र नांदतं.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. ज्यूंचे धार्मिक शब्द समजून घ्यायचे तर आपल्याकडचे तयार भारदस्त शब्द (धर्मशास्त्र, दान, प्रायश्चित्त, पुरोहित) जरा बाजूला ठेवावेत आणि शब्दाच्या पोटातलं क्रियापद शोधावं. ते बहुतेक वेळा अगदी घरगुती निघतं: चालणं, बसणं, विणणं, थांबणं, मागे फिरणं.

तीन अक्षरांचा सांगाडा

संस्कृतात ‘कृ’ धातूपासून कर्म, कार्य, कर्ता, कारण निघतात, तसं हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून निघतात. व्यंजनं जागची हलत नाहीत. मधले स्वर बदलतात, पुढे-मागे काही जोडलं जातं आणि नवा शब्द तयार होतो.

क-द-श हे मूळ घ्या. ‘कादोश’ म्हणजे पवित्र, पण आतला अर्थ ‘वेगळं काढून ठेवलेलं’ असा. नैवेद्याचं पान वाढून बाजूला ठेवतो तसं. शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षाच्या वाइनवर जो आशीर्वाद म्हणतात तो ‘किद्दूश’, कारण त्याने तो दिवस बाकीच्या दिवसांपासून वेगळा काढला जातो. लग्नात वर वधूला अंगठी घालतो तो विधी ‘किद्दूशीन’; आता ही दोघं इतरांपासून वेगळी, एकमेकांसाठी राखलेली. आणि आईवडिलांच्या मागे मुलगा अकरा महिने जी प्रार्थना म्हणतो ती ‘कद्दीश’. तिच्यात मरणाचा उल्लेख एकदाही येत नाही, सगळी देवाची स्तुती आहे. गंमत म्हणजे ही प्रार्थना बहुतेक हिब्रूत नाहीच. ती आरमाईक या हिब्रूच्या बहिणीसारख्या भाषेत आहे. ज्यूंच्या धार्मिक बोलण्यात या दोन भाषा अशा मिसळल्या आहेत की बोलणाऱ्यालाही कधी कधी पत्ता लागत नाही.

हिब्रू लिपीत बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं, उजवीकडून डावीकडे. स्वरांच्या खुणा नंतर आल्या आणि सभास्थानात (सिनेगॉगमध्ये) वाचायच्या तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत त्या आजही लिहीत नाहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वाचणाऱ्याने ओळखायचं असतं, इथे जवळजवळ सगळेच स्वर ओळखायचे. शिवाय चालीत म्हणायचं. म्हणून तेरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा तोरा वाचायला उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे महिनोन्‌महिन्यांची तयारी असते. या प्रसंगाला आपण ‘बार मित्स्वाचा कार्यक्रम’ म्हणतो. खरं तर ‘बार मित्स्वा’ हे त्या मुलाला लागणारं विशेषण आहे: आज्ञांचा पुत्र, आज्ञा ज्याच्यावर बंधनकारक झाल्या तो. तेरा वर्षं पूर्ण झाली की मंडप घाला न घाला, तो बार मित्स्वा झालाच. मुलगी बाराव्या वर्षी ‘बात मित्स्वा’ होते. मुंजीशी तुलना सुचते आणि ती थोडीफार चालतेही. पण मुंज केल्याशिवाय होत नाही, हे न करताही होतं.

‘मित्स्वा’तला ‘त्स’ मराठी माणसाला सहज जमतो. ‘चाक’ आणि ‘चमचा’तला आपला च तोच.

आणखी एक सोय आपल्याला आयती मिळाली आहे. हिब्रू ही अरबीची नातेवाईक, आणि अरबी शब्द फारसीच्या हाताने मराठीत मुबलक आले. त्यामुळे हिब्रूची कितीतरी मुळं आपण नकळत रोज वापरतो. सलाम आणि ‘शालोम’ सख्खे. किताबातलं क-त-ब हिब्रूत क-त-व होतं आणि लग्नाच्या कराराला ‘केतुबा’ म्हणतात, म्हणजे ‘लिहिलेलं’. रहम आणि ‘रहामीम’ एकच. मुंबईत मशीद बंदराजवळ १७९६ साली उभ्या राहिलेल्या बेने इस्राएलींच्या पहिल्या सभास्थानाचं नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचं दार. कुर्बानीचा भाऊ ‘कोर्बान’, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण होणारा बळी. पण मूळ क-र-ब म्हणजे जवळ येणं, हिंदीतल्या ‘करीब’मधलं. त्यामुळे कोर्बानमध्ये देणं दुय्यम, जवळ जाणं मुख्य. माझ्या आवडीची जोडी मात्र हिशेबाची. नव्या वर्षाआधीच्या महिन्यात ज्यू माणसाने ‘हेश्बोन नेफेश’ करायचा असतो. हेश्बोन म्हणजे हिशेब, नेफेश म्हणजे जीव. वर्षभराचा जिवाचा हिशेब.

चालणं, बसणं, विणणं

‘तोरा’ शब्दावर मराठी कान टवकारतात. आपल्याकडचा तोरा मिरवायचा असतो. हिब्रूतला हा शब्द ‘शिकवणे, दिशा दाखवणे’ या मुळातून आला आहे. नेमक्या अर्थाने तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. तोरा, ‘नेविईम’ (संदेष्टे, आपल्याला ऐकून माहीत असलेला ‘नबी’ हाच) आणि ‘केतुविम’ (लेखन) या तिघांची आद्याक्षरं जोडून ‘तनाख’ होतो, म्हणजे ज्यूंचं संपूर्ण बायबल. आद्याक्षरांचा हा नाद फार जुना. महाराष्ट्र साहित्य परिषदेची आपण ‘मसाप’ करतो, तसा रब्बी श्लोमो यित्सहाकी यांचा ‘राशी’ झाला आणि रब्बी मोशे बेन मैमोन यांचा ‘राम्बाम’.

सैल अर्थाने मात्र तोरा म्हणजे सगळीच शिकवण, आणि तिचा मोठा भाग तोंडी होता. तो इसवी सन २०० च्या सुमाराला यहूदा हानासी यांनी संकलित केला: ‘मिश्ना’. मूळ अर्थ, पुन्हा पुन्हा म्हणणं. घोकंपट्टी हा शब्द आपण उगाच बदनाम केला. एक अख्खी परंपरा तिच्यावर तगली. मिश्नाचे सहा ‘सेदर’, म्हणजे क्रमवार विभाग, आणि त्यांत ६३ ‘मसेखेत’. मसेखेत म्हणजे मागावर विणलेलं कापड. आपल्याकडेही सूत्र म्हणजे दोरा आणि ग्रंथ म्हणजे गुंफलेलं, तेव्हा हे फार परकं वाटायला नको. मिश्नावर पुढच्या काही शतकांत जी चर्चा झाली ती ‘गेमारा’. दोन्ही मिळून ‘तालमूद’, ल-म-द म्हणजे शिकणं या मुळातून. विद्यार्थ्याला ‘तालमीद’ म्हणतात तो याच घरातला.

तालमूदचं पान एकदा बघण्यासारखं असतं. मधोमध मिश्ना-गेमाराचा मजकूर. शिवणीच्या बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशींची टीका. बाहेरच्या बाजूला राशींच्या नातवांनी आणि त्यांच्या पुढच्यांनी राशींनाच विचारलेले प्रश्न, त्यांना ‘तोसाफोत’ म्हणतात, म्हणजे भर. एका पानावर हजार वर्षांची माणसं एकमेकांशी भांडत बसलेली. बॅबिलोनी तालमूदची अशी २,७११ पत्रं आहेत. पत्राला म्हणतात ‘दाफ’. १९२३ साली रब्बी मेईर शापिरो यांच्या कल्पनेतून ‘दाफ योमी’ सुरू झालं: जगभरच्या ज्यूंनी त्या त्या दिवशी एकच पत्र वाचायचं. एक फेरी साडेसात वर्षांना थोडी कमी पडते. चौदावी फेरी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. वारीसारखंच आहे हे, फक्त बसल्या जागी.

बसल्या जागी हे शब्दशः खरं. शिकण्याच्या संस्थेला ‘येशिवा’ म्हणतात, म्हणजे बसणं. उपनिषदातही ‘सद्’, बसणंच आहे. फरक असा की येशिवात गुरूच्या पायाशी शांत बसणं अपेक्षित नाही. दोघं दोघं समोरासमोर बसतात, मोठ्याने वाचतात, एकमेकांचं म्हणणं खोडतात. या जोडीला ‘हव्रुता’ म्हणतात, ‘हावेर’ म्हणजे मित्र या शब्दाच्या घरातला शब्द. येशिवाची खोली शांत असेल तर काहीतरी बिघडलंय असं समजावं.

वादाला ‘महलोकेत’ म्हणतात आणि तो लाजिरवाणा मानत नाहीत. हिल्लेल आणि शम्माई या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यांचे वाद प्रसिद्ध आहेत. तालमूद सांगतं, तीन वर्षं वाद चालल्यावर आकाशवाणी झाली: हेही आणि तेही, दोन्ही जिवंत देवाचेच शब्द, पण आचार हिल्लेलच्या बाजूने ठरवा. का? हिल्लेलची माणसं नम्र होती आणि आपलं मत मांडण्याआधी शम्माईचं मत सांगत. हरलेली बाजूही पोथीत जशीच्या तशी ठेवली गेली. आणि वाद सुटलाच नाही तर गेमारा एक शब्द लिहून मोकळी होते: ‘तेकू’. तसंच राहू दे. आजच्या इस्राएलमध्ये फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला की हाच शब्द वापरतात.

या सगळ्या चर्चेतून जो आचार ठरतो तो ‘हलाखा’. आपल्या हलाखीशी याचा काही संबंध नाही. ह-ल-ख म्हणजे चालणं. ‘ज्यू कायदा’ असं भाषांतर सर्रास होतं आणि त्यामुळे डोळ्यांपुढे कोर्ट उभं राहतं. मराठीत याहून बरा शब्द आधीच आहे. आचार, आचरण यांतला ‘चर्’ म्हणजे चालणंच.

एकोणचाळीस कामं आणि घाण्याचा बैल

‘शब्बात’ म्हणजे थांबणं. शुक्रवारचा सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो, कारण हिब्रू दिवस संध्याकाळी उजाडतो. शब्बातला काम करायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण इथेच ‘काम’ हा शब्द फसवतो. बंदी आहे ती ‘मेलाखा’वर, आणि मेलाखा म्हणजे कष्ट नव्हेत. घरातल्या घरात जड खुर्ची हलवून घामाघूम झालात तरी चालतं. काडी ओढून दिवा लावणं चालत नाही. मेलाखा म्हणजे जगात काहीतरी घडवणारी, बदल करणारी कृती. मिश्नात अशा कृतींचे प्रकार मोजले आहेत: नांगरणं, पेरणं, मळणं, निवडणं, दळणं, विणणं, गाठ मारणं, दोन अक्षरं लिहिणं, खोडणं, विस्तव पेटवणं, विझवणं. किती? ‘चाळीस, एक कमी’, असं मिश्नाचे शब्द सांगतात. मराठीत याला वेगळं भाषांतरच लागत नाही: एकोणचाळीस म्हणजे तेच.

प्रत्येक प्रकाराच्या पोटात उपप्रकार. ऑलिव्ह किंवा द्राक्षं पिळून रस काढणं हे मळणीत मोडतं, कारण दोन्हींत आवरणातून आतलं काढून घ्यायचं असतं. आणि दहा आज्ञांतली शब्बातची आज्ञा बैलालाही सुट्टी देते. कोकणातल्या गावकऱ्यांनी बेने इस्राएलींना ‘शनिवार तेली’ नाव दिलं ते शेजारी सहज बघून. पण त्या बंद घाण्याशेजारी मोकळा उभा असलेला बैलही त्या एकोणचाळीसांच्या हिशेबात बरोबर बसत होता.

भाषांतर जिथे दगा देतं

‘त्सेदाका’ला आपण दान म्हणून मोकळे होतो. दान देणाऱ्याचा हात वर असतो. त्सेदाका ज्या मुळातून येतो ते त्सेदेक म्हणजे न्याय. गरिबाला मिळतं ती कृपा नाही, त्याचं येणं आहे. म्हणून त्सेदाकावर जगणाऱ्या गरिबानेही थोडी त्सेदाका द्यायची असते. न्याय करण्यातून त्यालाही सूट नाही. बाराव्या शतकात राम्बामांनी देण्याच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यात खालची, कुरकुरत देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचा पत्ता नसणं. सर्वांत वरची, त्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन हात पसरण्याची वेळच येऊ न देणं.

‘तेशुवा’ला प्रायश्चित्त म्हणतात, पण शब्द सांगतो ‘मागे फिरणं’. आणि ‘हेत’, ज्याला आपण पाप म्हणू, त्याचं क्रियापद बायबलमध्ये गोफणीचा नेम चुकण्यासाठीही आलं आहे. नेम चुकला, वळा, पुन्हा या. ‘रब्बी’ हा पुरोहित नव्हे. शब्दाचा अर्थ ‘माझे गुरुजी’, आणि त्याच्याशिवाय प्रार्थना अडत नाही. पुरोहित म्हणजे ‘कोहेन’, तो वंशाने ठरतो आणि जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये पडल्यापासून त्याला काम फारसं उरलेलं नाही. बेने इस्राएलींकडे तर कित्येक पिढ्या रब्बी नव्हतेच, धार्मिक कामं ‘काजी’ बघत. त्यांनी सणांनाही हिब्रू नावं न वापरता मराठी नावं दिली होती. रोश हाशाना, म्हणजे वर्षारंभ, हा नव्याचा सण. तिशा बेआवचा शोकाचा उपास वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण. योम किप्पूर हा क्षमा मागण्याचा उपास म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. मला यातलं शेवटचं नाव कुठल्याही विद्वान भाषांतरापेक्षा सरस वाटतं.

देवाच्या नावाची तर वेगळीच तऱ्हा. चार अक्षरी नाव लिहिलेलं असतं पण उच्चारत नाहीत. प्रार्थनेत त्या जागी ‘अदोनाय’, माझे प्रभू, म्हणतात. आणि रोजच्या बोलण्यात तेही नको म्हणून ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. नवऱ्याचं नाव न घेता ‘इकडून’ म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे चटकन समजलं असतं. ‘कसं काय?’ला उत्तर ‘बारूख हाशेम’ असं येतं, तेव्हा त्याचा भाव आपल्या ‘देवाची कृपा’चा असतो.

हे शब्द केवळ पोथीतले नाहीत, ते माणसाला आत घेतात किंवा दाराबाहेर ठेवतात. ‘गेट’ म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं घटस्फोटाचं पत्र. ते मिळालं नाही तर ती ‘अगुना’, नांगर टाकून अडकवलेल्या होडीसारखी. दुसरं लग्न करू शकत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमधल्या मुख्य रब्बीसंस्थेने कोकणातून गेलेल्या बेने इस्राएलींच्या लग्नाआधी वंशावळ तपासायला सांगितलं. शंका अशी की, हिब्रू विसरलेल्या या लोकांनी शतकानुशतकं घटस्फोट हलाखाप्रमाणे, गेट देऊन, केले असतील का? १९६४ मध्ये बेने इस्राएली जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसले. संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं आणि रब्बीसंस्थेला हुकमातून त्यांचं नाव काढावं लागलं. त्या संसदेचं नाव ‘क्नेसेट’, आणि सभास्थानाला हिब्रूत ‘बेत क्नेसेत’ म्हणतात: जमण्याचं घर.

जमणं म्हणजे किमान दहा. याला ‘मिन्यान’ म्हणतात, साधा अर्थ ‘मोजणी’. पारंपरिक पंथांत दहा पुरुष, काही आधुनिक पंथांत बायकाही धरतात. एकट्याने प्रार्थना करता येते, पण दहा असल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही, तोराची गुंडाळी काढून वाचता येत नाही. रायगडमधल्या बहुतेक बेने इस्राएली घरांनी १९४८ नंतर इस्राएलची वाट धरली, त्यामुळे तिथल्या सभास्थानांत हा दहाचा आकडा आता सहज भरत नाही.

आणि माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नसतात. धान्य मापताना पहिल्या मापाला आपले शेतकरी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, त्यातलाच हा संकोच. त्यासाठी स्तोत्रांतलं दहा शब्दांचं एक वचन वापरतात, एकेका माणसाला एकेक शब्द: ‘तुझ्या लोकांना तार, तुझ्या वतनाला आशीर्वाद दे, त्यांना सांभाळ, उचलून घे, सर्वकाळपर्यंत.’ हिब्रूत या वाक्याचा नववा शब्द ‘अद’ आहे, म्हणजे ‘पर्यंत’, आणि दहावा ‘हाओलाम’, सर्वकाळ. नऊच जण आले असतील तर वाक्य ‘पर्यंत’वर थांबतं आणि सगळे दाराकडे बघत बसतात.